वाडा, वारस आणि वाटसरू

जुना वाडा पडू द्यावा, की त्याचे हॉटेल होऊ द्यावे? प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा आहे. ज्याचा वाडा, त्याचा निर्णय, असे म्हणून तो दोन वाक्यांत निकालात काढता येईल. पण थोडे खोलात गेले की ध्यानी येते, या एका प्रश्नाच्या पोटात आणखी तीन प्रश्न दडलेले आहेत. घर म्हणजे भिंती की त्यांतले जगणे? भूतकाळावर मालकी कुणाची? आणि जतन केले असे कशाला म्हणावे? या तिन्ही प्रश्नांना सातबाऱ्यावर उत्तर सापडत नाही.

आम्हां पेडणे महालातल्या माणसांना हा विषय दूरचा राहिलेला नाही. धारगळ हे महामार्गावरचे गाव. २०२३ च्या जानेवारीत मोप्याच्या विमानतळावरून विमाने उडू लागली आणि इथल्या जमिनीकडे पाहण्याची जगाची नजर पालटली. भरडातल्या ज्या कातळावर पूर्वी गुरे सोडण्याखेरीज कुणाला काही सुचत नसे, त्याचीही आता चौकशी होते. जमिनीमागोमाग चौकशी येते ती जुन्या घरांची. चिऱ्याच्या जाड भिंती, मधोमध राजांगण, राजांगणात तुळस, भोवती चौसोपी पडवी, आत काळोखे माजघर आणि त्याही आत देवघर, असे घर कुठे विकाऊ आहे का, असे विचारणारी माणसे गावोगाव फिरतात. विकणारा बहुधा मुंबईत किंवा पुण्यात असतो, किंवा पोर्तुगालमार्गे इंग्लंडात पोचलेला असतो. घराची किल्ली शेजाऱ्याकडे असते. चवथीला पाच दिवस दार उघडते, माटोळी बांधली जाते, जुन्या भांड्यांना हात लागतो. विसर्जनाची आरती झाली की पुन्हा कुलूप.

घर का पडते हे नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर सगळा दोष वारसांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. आमच्याकडचा पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. अशा पावसात चिऱ्यामातीचे घर टिकते ते दरवर्षी मृगाआधी कोणी तरी छपरावर चढून कौले चाळून घेतो म्हणून. एक कौल सरकले की पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते. ओल आली की वाळवी येते, वासा पोखरला जातो आणि तीन-चार पावसाळ्यांत आढे खचते. घराला माणूस लागतो तो असा. त्यातच चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापण्याची घाई झाली, तर चिऱ्यात शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही आणि भिंत आतल्या आत कुजते. म्हणजे हयगय घर मारते आणि अडाणी डागडुजीही मारते.

दुसरे कारण वारसाहक्काचे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्या तत्त्वाप्रमाणे मुलगा-मुलगी हा भेद नाही, अपत्यांचे हिस्से सारखे. हे तत्त्व न्यायाचे आहे आणि त्याचा आम्हां गोवेकरांना अभिमानही आहे. पण शेत वाटता येते, बागायत वाटता येते, राजांगणातली तुळस कशी वाटणार? चार पिढ्यांत एका वाड्याचे तीस-चाळीस वाटेकरी होतात. कौले चाळण्याचा खर्च कुणी करायचा यावर एकमत होत नाही. सह्या गोळा होईपर्यंत छप्पर थांबत नाही.

तिसरे कारण बोलायला थोडे अवघड आहे. हे वाडे ज्या उत्पन्नावर उभे होते ते उत्पन्नच संपले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये कूळ कायदा झाला, १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्यास आळा घालणारा कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला कसत्या जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. भाटकाराच्या ओटीवर येणारे भात, नारळ, सुपारी थांबली. ज्या घराच्या दिवाबत्तीसाठी दहा घरांनी राबायचे होते, त्या घराला स्वतःच्या कमाईवर उभे राहणे जमेना. वाडा पडताना पाहून हळहळणाऱ्या आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजे-पणजे त्या दहा घरांतले होते, हे विसरून चालणार नाही. वाड्याच्या पडझडीत त्यांच्या उभे राहण्याचाही वाटा आहे.

अशा वेळी हॉटेलवाला येतो. तो छप्पर करतो, चुना भिजवतो, सुतार बोलावतो, शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या खिडक्या पुन्हा बसवतो आणि दहा-बारा खोल्या प्रवाशांना भाड्याने देतो. कल्पना नवी नाही. स्पेनने १९२८ पासून सरकारी विश्रामगृहांची साखळी उभारली. तिच्यातली कितीतरी जुन्या किल्ल्यांत आणि मठांत आहेत. पोर्तुगालने १९४० च्या दशकात त्याच वाटेने 'पौजादा' सुरू केल्या. आपल्या देशात उदेपूरच्या महाराण्यांनी तळ्यातला महाल १९६३ साली हॉटेल म्हणून खुला केला. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाल्यावर अनेकांनी हा मार्ग धरला. राजस्थानातला नीमराण्याचा पडका किल्ला १९८६ मध्ये दोघा रसिकांनी विकत घेतला आणि दुरुस्त करून १९९१ मध्ये त्यात पाहुणे उतरवले. पिनांगमधला चेआँग फात्झे या चिनी व्यापाऱ्याचा निळा वाडा अशाच जीर्णोद्धारासाठी २००० साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पारितोषिकांत अग्रस्थानी आला. त्यातही आज प्रवासी राहतात.

आपल्या अगदी शेजारचे उदाहरण सावंतवाडीचे. मोती तलावाकाठचा राजवाडा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना आपला वाटतो. २०२० नंतरच्या काही वर्षांत राजघराण्याने त्याच्या आवारातील एका भागात मोजक्या खोल्यांचे छोटे हॉटेल सुरू केले आणि सजावटीसाठी गंजिफाची चित्रे घेतली. या हॉटेलमागे एक पूर्वपीठिका आहे, तीच मला अधिक मोलाची वाटते. दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा, दहा अवतारांची बारा-बारा पाने. हाताने रंगवायची, लाखेने चकाकवायची ही विद्या एका पिढीत नाहीशी होणार होती. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती म्हाताऱ्या चिताऱ्याकडून समजून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले आणि ती जगवली. म्हणजे तिथे कला आधी होती, हॉटेल मागाहून आले. आधी हॉटेल आणि मग 'वातावरणनिर्मिती'साठी एखादा चितारी कोपऱ्यात बसवणे ही वेगळी गोष्ट झाली असती. हा क्रम नीट लक्षात ठेवावा असे मला वाटते.

आता दुसरे उदाहरण, आमच्याच तालुक्यातले. तेरेखोल. खाडीच्या उत्तर तीरावरचा हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. केरीहून होडीने पलीकडे जायचे तर आजही मनात येते, एवढासा किल्ला आणि केवढा इतिहास! १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींच्या एका तुकडीने तो ताब्यात घेऊन तिरंगा फडकवला. निशाण एक दिवस राहिले आणि मग माणसे तुरुंगात गेली. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, तेथे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर हुतात्मे झाले. मुक्तीनंतर याच किल्ल्यात प्रवाशांची सोय झाली आणि पुढे सात खोल्यांचे हॉटेल नावारूपाला आले. खोल्यांना सात वारांची नावे दिली होती. अंगणात संत अंतोनीचे चर्च. हॉटेलच्या काळात ते सर्वसामान्यांसाठी वार्षिक फेस्तासारख्या ठराविक प्रसंगीच उघडत असे.

कुणी म्हणेल, हॉटेल झाले म्हणून तर तट उभा राहिला, नाहीतर झाडांच्या मुळ्यांनी फोडून टाकला असता. हे खरे असेल. पण जेथे एक गुरुजी गोळीला सामोरे गेले, तेथे प्रवासी 'शुक्रवार' नावाच्या खोलीत निजतो आणि सकाळी सज्जात बसून चहा घेतो, तेव्हा काहीतरी अडखळते. नेमके काय? चहा पिण्यात पाप नाही. समुद्र पाहण्यात तर नाहीच. अडखळते ते हे की, त्या प्रवाशाला कुणी काही सांगितले का? आणि ज्या मुलाला गुरुजींचे नाव पाठ आहे त्याला दारावरून परत फिरवले तर जात नाही ना?

हीच तगमग २०१९ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राने अनुभवली. राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याचा विचार असल्याची बातमी आली आणि गदारोळ उठला. शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्या वादात राग पुष्कळ होता, विचार थोडा झाला. रागवलेल्यांपैकी कितीजणांनी कधी एखाद्या तटावरचे रान साफ केले होते, हे कुणी विचारले नाही.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे वळू. घर म्हणजे काय?

आपल्या देवळांकडे पाहा. सोळाव्या शतकात मंगेश कुशस्थळी सोडून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशी सोडून कवळ्याला आली. देऊळ मागे राहिले, जमीन मागे राहिली, देव निघाला. आणि भक्तांनी एका क्षणासाठीही असे म्हटले नाही की हा देव आता तो नव्हे. पुढे त्याच देवळांचे जीर्णोद्धार झाले. गावोगाव तर आपण लाकडी कोरीव खांब काढून काँक्रीटचे घातले, शेणाने सारवलेल्या जमिनीवर संगमरवर बसवला आणि प्राणप्रतिष्ठा करून समाधानाने जेवलो. जपानमधले इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी सगळे नव्याने बांधतात, यापूर्वी २०१३ मध्ये बांधले. लाकूड नवे, पण सुतारकी तीच, विधी तोच. म्हणून ते जुने.

म्हणजे देवळात आपण शरीर बदलतो आणि प्राण राखतो. वाड्याचे हॉटेल होते तेव्हा नेमके उलटे घडते. शरीर राखले जाते आणि प्राण बदलतो. खांब तेच, कडीपाट तोच, अडसरही तोच. पण देवघरात समई नाही, बाळंतिणीच्या खोलीत न्हाणीघर आहे आणि कोठीच्या खोलीत मद्यालय. जिथे सुईण धावत आली होती तिथे गरम पाण्याचा नळ आहे.

प्राण बदलला म्हणजे सर्व संपले का? युरोपात एकोणिसाव्या शतकात यावर मोठा वाद झाला. इंग्रज विचारवंत रस्किन याने १८४९ मध्ये असे मत मांडले की, जुनी वास्तू 'पुन्हा होती तशी' करणे हे एक असत्यच आहे. तिची निगा राखा, वेळ आली की तिला मरू द्या. फ्रान्सचा व्हिओले-ल-द्युक याला हे पटले नाही. त्याने पडक्या वास्तू धडधाकट केल्या, कधी पूर्वी नव्हत्या तितक्या. पॅरिसच्या नोत्र-दामवरचे त्याने उभारलेले शिखर २०१९ च्या एप्रिलात आगीत कोसळले तेव्हा सारे जग त्याच 'नव्या' शिखरासाठी रडले. दीडशे वर्षांत नवेही जुने होते, याचा हा पुरावा. मग आज हॉटेल झालेला वाडा शंभर वर्षांनी हॉटेल म्हणूनच जुना नाही का होणार?

होईल. म्हणूनच केवळ 'पूर्वीसारखे राहिले नाही' ही तक्रार मला पुरेशी वाटत नाही. पूर्वीसारखे म्हणजे कोणत्या पूर्वीसारखे?

दहावीच्या वर्गात स्थानिक इतिहासाचा प्रकल्प करताना मी मुलांना गावच्या जुन्या घरांचे नकाशे काढायला सांगतो. एका वर्षी एका मुलीने नकाशा सुबक काढला आणि मग विचारले, ''सर, यात आमच्या पणजीला कुठपर्यंत जायला मिळत होते, ती रेघ पण मारू का?'' मी म्हटले, ''मार.'' तिने लाल पेन्सिलीने रेघ मारली. ती खळ्यातच संपली. ओटीची पायरीसुद्धा रेघेच्या पलीकडे होती.

त्या लाल रेघेने सगळ्या चर्चेचा तोल बदलतो. ज्या वाड्याच्या 'प्राणा'साठी आपण गहिवरतो, त्या प्राणाने कितीजणांना दाराबाहेर उभे केले होते! आज त्याच मुलीने नोकरी करून चार पैसे साठवले तर ती त्या हॉटेलात पुढच्या दाराने जाऊ शकेल, पलंगावर झोपू शकेल, कुणी तिचे आडनाव विचारणार नाही. जन्माचे कुंपण गेले, पैशाचे आले. या दोहोंत डावे-उजवे करायचे झाले, तर पैशाचे कुंपण निदान ओलांडता येण्याजोगे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. जन्माचे कुंपण ओलांडायला दुसरा जन्म घ्यावा लागत असे.

पण म्हणून पैशाचे कुंपण निर्दोष ठरत नाही. जुन्या वाड्याला आपल्या अन्यायाबरोबर काही बांधिलक्याही होत्या. उन्हाळ्यात त्याच्या विहिरीवर वाडा पाणी भरी, भेदभावाने का होईना. काल्याला दशावतारी मंडळी खळ्यात रंगत, तुळशीच्या लग्नाला चिरमुरे वाटले जात. वाटसरूला उन्हातून आल्यावर गूळपाणी मिळे आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नसे. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांत फरक हाच. पाहुण्याचे ऋण होते, ते कुठेतरी, कधीतरी, दुसऱ्याच पाहुण्याला फेडायचे. गिऱ्हाईकाचे बिल होते, ते निघताना भागते आणि संबंध तिथेच संपतो. अन्याय गेला हे उत्तम झाले. पण त्याच टोपलीत घालून बांधिलकीही टाकून देण्याचे कारण नव्हते.

तेव्हा माझे मत मी स्पष्ट मांडतो. वाडा पडण्यापेक्षा त्याचे हॉटेल झालेले बरे, परंतु तीन गोष्टी पाळल्या तर. त्या पाळल्या नाहीत तर वाडा पडलेला बरा. पडका चौथरा निदान खोटे बोलत नाही.

पहिली गोष्ट दाराची. ज्यांचा त्या वास्तूशी हक्काचा संबंध होता, त्यांच्यासाठी दार वर्षातून काही दिवस तरी पैशावाचून उघडावे. चवथ, तुळशीचे लग्न, फेस्त, हुतात्म्यांचा दिवस. विहिरीची वाट, देवळाची वाट बंद होऊ नये. मुंडकाराच्या झोपडीला 'दृश्याला बाधा' म्हणू नये.

दुसरी गोष्ट खरेपणाची. वाड्याची कथा सांगायची तर पुरी सांगावी. झोपाळ्यावरच्या यजमानाबरोबर कोठार भरणाऱ्या कुळाची, पालखीबरोबर पालखी वाहणाऱ्यांची. हॉटेलच्या भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी लागतात. त्याच भिंतीवर त्या मुलीचा लाल रेघेचा नकाशा लागला, तर ते खरे जतन. पाहुण्याची झोप त्याने उडणार नाही, उडाली तरी हरकत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. चिरा तासणारा, चुना मळणारा, कडीपाट जोडणारा, लाखकाम करणारा हात गावातला असावा आणि काम संपल्यावर तो गावात उरावा. वास्तू हे एका पिढीने केलेले काम असते. ते करण्याची विद्या पुढच्या पिढीकडे गेली तर वाडा शंभर वेळा पडून शंभर वेळा उभा राहील. सगळा माल आणि सगळी माणसे बाहेरून आणली, तर गावाच्या वाट्याला फक्त कचऱ्याच्या पिशव्या आणि रखवालदाराची नोकरी येते.

हॉटेल हा एकच मार्ग आहे असेही समजू नये. मांडवीकाठचा रेईश मागुशचा किल्ला पूर्वी तुरुंग होता. पडझडीला आलेली ती वास्तू वारसाप्रेमींनी आणि सरकारने मिळून दुरुस्त केली आणि २०१२ मध्ये सांस्कृतिक केंद्र म्हणून लोकांना खुली केली. थोड्या तिकिटात शाळेची मुले तेथे जाऊन येतात. पण प्रत्येक वाड्याला दाता मिळत नाही आणि सरकार प्रत्येक कौल चाळायला येणार नाही.

म्हणून शेवटी बोट आपल्याकडेच वळते. वारसा म्हटले की आपण हक्काने 'आमचा' म्हणतो. पण आमचा म्हणणाऱ्याने काय दिले? जो चाळीस वाटेकऱ्यांच्या सह्या जमवत वर्षे घालवतो आणि पदरचे पैसे घालून छप्पर करतो, त्याला हॉटेल काढल्याबद्दल नावे ठेवण्याचा अधिकार घरी बसून उसासे टाकणाऱ्याला नाही. गावाने वर्षाला एक दिवस श्रमदान केले, शाळेने एका वास्तूची नोंद केली, पंचायतीने जुन्या घरांची यादी केली, परगावच्या वाटेकऱ्याने चवथीच्या खर्चातून कौलांपुरते पैसे बाजूला ठेवले, तर मालकापुढे अटी मांडायला आपल्याला तोंड राहील. काही न देता अटी घालणे हीसुद्धा एक जुनी भाटकारी वृत्तीच आहे.

वारस कोण, याचे उत्तर मला असे सुचते. कागदावर नाव असते तो मालक. पैसे देऊन एक रात्र राहतो तो वाटसरू. वारस तो, जो पावसाळ्याआधी छपरावर चढतो आणि खाली उतरल्यावर मुलांना त्या घराची चांगली-वाईट सगळी गोष्ट सांगतो. असा माणूस मालकांत निघेल, हॉटेलवाल्यांत निघेल, मुंडकाराच्या नातवंडांतही निघेल. यंदाच्या दिवाळीत आपापल्या गावच्या जुन्या घरापुढे पणती ठेवताना, ती कुणाच्या नावाने ठेवायची, एवढे प्रत्येकाने ठरवावे.